सुरतेची फियाट आणि घरगुती दुरुस्ती

जरीच्या बारीक तारेवर पिढ्यान्‌पिढ्या नजर बसलेल्या सुरतेस स्पार्क प्लगमधील अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असणारी फट जोखणे अवघड गेले नसावे. या ठिणगीचा इतिहासही रंजक आहे. लेन्वारने १८६० साली गॅसच्या इंजिनात ती योजिली. १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात होनोल्डने उच्चदाबाचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी सिद्ध केली. १९५१ साली बंगळुरात निघालेल्या ‘मायको’ने पुढे हे प्लग देशातच बनविले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट अकराशे कुर्ल्यात तयार होई. सुरत १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होती, तरी कुर्ल्याहून अडीचशे किलोमीटरांपलीकडे! परवान्यांच्या त्या काळी नवी गाडी मिळावयास वर्षे लागत. तेव्हा आहे ती जपणे भागच होते. चारही प्लग काढून काजळी घासणे हे अंगणातले काम. हेड गॅस्केट मात्र कसोटी पाही. बोल्ट मधून बाहेर, क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळले नाहीत, तर सांधा फुटून पाणी सिलिंडरात शिरे. जुनेच गॅस्केट पुन्हा बसविण्याची काटकसर आम्हांस कधी पटली नाही. शिवाय त्यातील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक, हे घरोघरी कळावयास फार उशीर झाला.

आजचे इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटर चालतात. खंडेनवमीस पूजेला मांडलेला प्लगचा पाना दुसऱ्या दिवशी पेटीत जातो, तो पुढच्या खंडेनवमीसच बाहेर येतो.