एक सांगाडा, दोन आठवणी

जुन्या अमेरिकी मोटारींच्या चित्रांत फोर्डची मस्टँग दिसली की माझी नजर आजही तिथेच थांबते. लांब बॉनेट, आखूड मागची बाजू, तरुण दिमाख. पण या देखण्या गाडीखालचा सांगाडा मुळात तिचा नव्हताच, तो फाल्कन नावाच्या साध्या घरगुती गाडीचा होता. हे कळल्यावर मी त्या सांगाड्याचा माग काढत गेलो आणि डेट्रॉईटहून थेट ब्युनोस आयरेसला पोहोचलो.

१९५८ च्या मंदीत अमेरिकेत अवाढव्य गाड्यांची विक्री घसरली. अमेरिकन मोटर्सने काही वर्षांपूर्वी बंद केलेली छोटी रॅम्बलर किरकोळ फेरफार करून पुन्हा बाजारात आणली आणि लोकांनी ती घेतली. फोर्डमध्ये रॉबर्ट मॅकनामारा स्वस्त, हलक्या गाडीसाठी आग्रही होते. त्यातून १९६० च्या मॉडेलची फाल्कन आली. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १०९.५ इंच, सहा सिलिंडरचं इंजिन, आणि वेगळी चॅसी नाहीच. पत्र्याचा तळ व बॉडी एकत्र वेल्ड केलेली. पहिल्याच मॉडेल-वर्षात ४ लाखांहून जास्त फाल्कन तयार झाल्या.

असा तळ घडवायचे साचे फार महाग पडतात. एकदा पैसा ओतला की तोच तळ थोडा लांब-आखूड करून वापरत राहणं हा सरळ व्यापारी हिशेब. क्रायस्लरची व्हॅलियंट आणि डार्ट ही भावंडंही अशीच १९७६ पर्यंत एकत्र चालली. फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी मस्टँग आणली ती फाल्कनच्याच भागांवर. अंतर १०८ इंच, किंमत २,३६८ डॉलर. १९६९ मध्ये १,९९५ डॉलरची मॅव्हरिक आली, तिचं अंतर १०३ इंच. मग १९७५ ची ग्रॅनाडा. १९७७ मध्ये तिलाच नटवून लिंकन व्हर्साय या नावाने ११,००० डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं. १९८० मध्ये अमेरिकेत ही वंशावळ संपली.

अर्जेंटिनात मात्र मूळ फाल्कन १९६२ पासून १९९१ पर्यंत बनत राहिली. दणकट, दुरुस्तीला सोपी, सुटे भाग सहज मिळणारी. कुटुंबं तिच्यातून सहलीला गेली, टॅक्सीवाल्यांनी तिच्यावर पोट भरलं.

२४ मार्च १९७६ रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर हिरव्या फाल्कन रस्त्यांवर फिरू लागल्या. साध्या वेशातली माणसं उतरत, कुणाला तरी घरातून किंवा कामावरून उचलत आणि निघून जात. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ मध्ये जवळपास ९,००० बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. मानवाधिकार संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. फाल्कन जिथे बनत, त्या कारखान्यातल्या २४ कामगारांनाही पकडून छळलं गेलं. त्या प्रकरणात कंपनीच्या दोन माजी अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४० हून अधिक वर्षांनंतर.

पत्र्याला पाप लागत नाही, हे मला मान्य आहे. त्या अभियंत्यांनी चांगली, टिकाऊ वस्तू बनवली होती. हिशेब द्यायचा तो माणसांनी. पण मोटारींचा इतिहास लिहिणारे आपण शौकीन लोक अंतर, इंजिन, किंमत एवढं मोजतो आणि थांबतो. ज्या आईने आपल्या मुलाला शेवटचं त्या गाडीत कोंबताना पाहिलं, तिच्याकडेही त्या गाडीचा इतिहास आहे.

मस्टँगचं चित्र मी अजूनही कौतुकाने पाहतो. फक्त तिच्या बहिणीची गोष्ट आता वगळून पुढे जाता येत नाही.