लाइफटाइम म्हणजे नक्की कोणाचं लाइफ? टिव्होच्या वर्गणीची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका आकड्यापासून करूया. ९ डॉलर ९५ सेंट. १९९९ साली अमेरिकेत टीव्हीखाली ठेवायचं एक नवीन यंत्र बाजारात आलं. नाव टिव्हो. यंत्र दुकानातून रोख पैसे मोजून आणायचं आणि वर दर महिन्याला हे ९ डॉलर ९५ सेंट वेगळे भरायचे.

आज आपल्याला यात काहीच विचित्र वाटत नाही. गाणी, सिनेमे, फोटो ठेवायची जागा, सगळ्याचेच महिन्याला पैसे कापले जातात. पण तेव्हाच्या माणसाला प्रश्न पडला: टीव्ही माझा, यंत्र माझं, केबलचं बिलही मीच भरतो. मग हे वरचे पैसे कशाचे?

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण तो विचारायचं सोडून दिलंय. म्हणून आज त्याचा इतिहास.

आधी काय होतं?

आधी होता व्हीसीआर. सोनीचं बेटामॅक्स १९७५ साली आलं आणि टीव्हीवरचा कार्यक्रम कॅसेटवर उतरवून नंतर बघता यायला लागला. हॉलिवूडला हे अजिबात आवडलं नाही. युनिव्हर्सल स्टुडिओ आणि डिस्ने कोर्टात गेले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, घरच्या घरी नंतर बघण्यासाठी कार्यक्रम रेकॉर्ड करणं बेकायदा नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर आजची गोष्टच घडली नसती.

आपल्याकडे व्हीसीआर म्हटलं की आठवतो तो भाड्याने आणलेला सेट, सोबत तीन-चार कॅसेटी आणि रात्रभर पिक्चर. अमेरिकेत मात्र रेकॉर्डिंग हा त्याचा मोठा उपयोग होता. एकदा विकत घेतला की विषय संपला, महिन्याचा खर्च शून्य. पण कटकट भरपूर. कार्यक्रम किती वाजता, कोणत्या चॅनलवर, हे आपणच शोधायचं, घड्याळ लावायचं, कॅसेट घालायची. कार्यक्रमाची वेळ बदलली, की कॅसेटवर भलतंच काहीतरी.

दोन यंत्रं, दोन हिशोब

माइक रॅम्से आणि जिम बार्टन हे दोघं सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत काम केलेले. त्यांनी १९९७ मध्ये कंपनी काढली आणि ३१ मार्च १९९९ ला पहिले टिव्हो कारखान्यातून बाहेर पडले. आत कॅसेट नव्हती, हार्ड डिस्क होती. खरं तर तो लिनक्सवर चालणारा एक छोटा कॉम्प्युटरच. चालू कार्यक्रम थांबवा, मागे न्या, पुन्हा बघा. एखाद्या मालिकेचं नाव एकदा सांगा, तिचा प्रत्येक भाग ते आपोआप उतरवून ठेवणार. सुरुवातीच्या १४ तासांच्या मॉडेलची किंमत ४९९ डॉलर.

त्याच वर्षी रिप्लेटीव्ही नावाचा प्रतिस्पर्धी आला. तो काढणारे अँथनी वुड. यांनीच पुढे रोकू कंपनी काढली. रिप्लेटीव्हीचा हिशोब उलटा होता: यंत्र महाग घ्या, पण महिन्याला काही देऊ नका.

आता टिव्होची वर्गणी नक्की कशाची होती? रेकॉर्डिंगची नव्हे. ती होती वेळापत्रकाची! कोणत्या चॅनलवर कधी काय लागणार, ही माहिती. आपल्याकडे पेपरात 'आजचे कार्यक्रम' असा एक चौकोन यायचा, तोच चौकोन समजा, फक्त पुढच्या कित्येक दिवसांचा आणि यंत्राला वाचता येईल असा. टिव्होला घरच्या टेलिफोनची वायर जोडायची. ते स्वतःच कंपनीला फोन लावायचं आणि नवं वेळापत्रक उतरवून घ्यायचं. मालिका ओळखणं, बदललेली वेळ पकडणं, तुमच्या आवडीचं सुचवणं, ही सगळी हुशारी त्या माहितीवर उभी होती. वर्गणी थांबली की ती हुशारी संपली.

वीस महिन्यांचं गणित

वर्गणीला टिव्होने एक पर्याय दिला होता. एकदाच १९९ डॉलर भरा आणि 'लाइफटाइम' सेवा घ्या. १९९ ला ९.९५ ने भागा. उत्तर येतं वीस. वीस महिने यंत्र चाललं की पैसे वसूल, पुढचं सगळं फुकट.

पण थांबा, लाइफटाइम कोणाचं? तुमचं नाही, यंत्राचं! सेवा त्या एका डब्याला चिकटलेली असायची. डबा मेला की सेवाही गेली. नवीन डबा घेतला की नवीन वर्गणी. आणि या डब्यात होती सतत, रात्रंदिवस फिरणारी हार्ड डिस्क. म्हणजे तुम्ही खरं तर पैज लावत होता, की ही डिस्क वीस महिन्यांपेक्षा जास्त जगेल. काही हौशी लोकांनी तर ती बदलायची विद्याही शिकून घेतली. डिस्क नवी, डबा तोच, लाइफटाइम चालू.

कंपनीला काय वाटत होतं? याचं उत्तर तिच्या हिशोबाच्या वह्यांत सापडतं. लाइफटाइमचे पैसे टिव्हो एकदम कमाई म्हणून दाखवत नसे, ते चार वर्षांवर पसरून दाखवायची. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या अंदाजाने ग्राहक साधारण चार वर्षं सेवा वापरणार होता. चार वर्षांची मासिक वर्गणी होते ४७७ डॉलर ६० सेंट. आणि लाइफटाइम १९९ ला! मग कंपनी असं का करेल? कारण नव्या कंपनीला रोख पैसा आज हवा असतो. चार वर्षांनी काय होईल ते नंतर बघू.

पण 'नंतर' येतंच. २००३ पर्यंत दर झाले महिन्याला १२.९५ आणि लाइफटाइमला २९९. वसुली तेवीस महिन्यांवर गेली. २००६ मध्ये लाइफटाइम बंदच केलं. पुढे ते परत आणलं, पण चढ्या भावाने. २०१३ च्या रोमिओ मॉडेलला महिन्याला १४.९९ किंवा लाइफटाइम ४९९.९९. आता भागाकार करा. तेहेतीस महिन्यांहून जास्त. योजना तीच, नाव तेच, फक्त पैजेची अट प्रत्येक वेळी थोडी कंपनीच्या बाजूला सरकली.

आणि वर्गणी न घेणाऱ्या रिप्लेटीव्हीचं काय झालं? २००१ मध्ये सॉनिकब्लू कंपनीने ते विकत घेतलं. त्याच वर्षी जाहिराती आपोआप गाळणारं नवं मॉडेल आलं आणि स्टुडिओ, टीव्ही कंपन्या कोर्टात धावल्या. २००२ मध्ये रिप्लेटीव्हीनेही मासिक वर्गणी सुरू केली आणि २००३ मध्ये सॉनिकब्लूचं दिवाळं निघालं. वेळापत्रक दर महिन्याला लागतं, मग खर्चही दर महिन्यालाच होतो, हे गणित शेवटी सगळ्यांना गाठतंच.

मग पैसे वसूल व्हायचे का?

ज्याला टीव्ही बघायचाच होता, त्याचे नक्की व्हायचे. अमेरिकेत तासाभराच्या कार्यक्रमात साधारण पाव तास जाहिराती. रोज एक तास बघणाऱ्याने त्या पुढे ढकलल्या, तर महिन्याला सात-साडेसात तास वाचले. दहा डॉलरमध्ये एवढा वेळ, महाग नाही. आठवड्याला एकच मालिका बघणाऱ्याला मात्र तोच डबा न परवडणारा.

एक किंमत बिलावर छापलेली नसायची. फेब्रुवारी २००४ मध्ये सुपर बोलच्या मध्यंतरात जॅनेट जॅक्सनचा तो गाजलेला प्रसंग घडला आणि टिव्होने जाहीर केलं की, लोकांनी हाच क्षण सगळ्यात जास्त वेळा मागे नेऊन पाहिला. लोक चमकले. हे कंपनीला कसं कळलं? माहिती नावानिशी नाही, एकत्र करून घेतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण डबा फक्त वेळापत्रक आणत नव्हता, जाताना काहीतरी घेऊनही जात होता.

टिव्होला शेवटी मागे टाकलं ते केबल कंपन्यांनी. त्यांनी स्वतःचे डीव्हीआर भाड्याने दिले. आधी काही भरू नका, बिलात थोडे वाढवून द्या. हे डबे टिव्होइतके हुशार नव्हते, पण पहिल्या दिवशी खिसा रिकामा होत नव्हता. अट एवढीच की डबा परत केला की रेकॉर्डिंग गेलं. आपल्याकडे टाटा स्काय प्लस २००८ मध्ये आलं. पण ही सवय घराघरांत रुजायच्या आधीच हातात स्मार्टफोन आले.

पहिल्या पिढीच्या टिव्होचं लाइफटाइम सप्टेंबर २०१६ मध्ये संपलं. काही डबे तोवर चालू होते, पण कंपनीने त्यांना वेळापत्रक पाठवणं थांबवलं. म्हणजे त्या डब्याचं आयुष्यही शेवटी कंपनीनेच ठरवलं. तरी १९९९ मध्ये १९९ डॉलर भरून डबा जपलेला माणूस सतरा वर्षं फुकट बघत होता. ऑक्टोबर २०२५ पासून टिव्होने डीव्हीआर विकणंही थांबवलं.

आज आपण काय विचारायचं?

रेकॉर्डिंग आता क्लाउडमध्ये गेलंय. यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये अमेरिकेत ३५ डॉलरला सुरू झालं, २०२५ मध्ये ते ८२.९९ वर पोहोचलं. रेकॉर्डिंग हवं तितकं करा, पण ते नऊ महिनेच राहणार. इथे तर डबाही तुमचा नाही.

म्हणून कुठलीही वर्गणी घेताना तीन गोष्टी बघा. एक, पैसे नक्की कशाचे: वस्तूचे, की वस्तू चालू ठेवणाऱ्या माहितीचे? दोन, भागाकार करा. किती महिन्यांत वसूल आणि तेवढे महिने मी खरंच वापरणार आहे का? आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं: पैसे देणं थांबवलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या हातात काय उरतं?

व्हीसीआरवाल्याच्या हातात कॅसेट उरायची. टिव्होवाल्याच्या हातात अर्धवट शहाणा डबा उरायचा. आपल्या हातात काय उरतं, ते आज फोन उघडून एकदा बघाच. चालू असलेल्या वर्गण्यांची यादी सेटिंगमध्ये सापडेल. भेटूया पुढच्या भागात!