पाच मिनिटांचे घड्याळ

अकोला जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत, १९९०च्या सुमारास, एका सकाळी प्रार्थना चालू असताना सातवीतला एक मुलगा ताठ होऊन खाली पडला. त्याचे हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. 'मिरगी आली, मिरगी आली' असा गलका झाला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडायला धावले, कुणी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. दोघातिघांनी हातपाय दाबून धरले. थोड्या वेळाने झटके थांबले आणि श्रेय कांद्याला मिळाले. झटके किती वेळ चालले होते, हे आम्हांपैकी कुणालाच सांगता आले नसते. घड्याळ कुणी पाहिलेच नव्हते.

अपस्माराचे बहुतेक मोठे झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढा वेळ कांदा शोधण्यातच जातो! कांदा नसता तर काय झाले असते, ही तुलना कुणी करत नाही, म्हणून समजूत टिकून राहते. पण काही झटके आपोआप थांबत नाहीत, किंवा एक थांबून शुद्ध येण्याआधीच दुसरा सुरू होतो. ही स्थिती जीवघेणी ठरू शकते. तिच्यावरील उपचारांचा इतिहास हा बऱ्याच अंशी घड्याळाचा इतिहास आहे.

थर्मामीटर आणि परिचारिका

आपल्याकडे चरकसंहितेत अपस्माराचे वर्णन आहे. स्मृतीचा लोप होतो तो अपस्मार, असा त्या शब्दाचा अर्थ. न थांबणाऱ्या झटक्यांना वेगळे नाव मिळाले ते मात्र पॅरिसमध्ये. १८२४ साली काल्मेय या डॉक्टरने आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. पुढे सालपेत्रिएर रुग्णालयात बूर्नव्हिल याने १८७०च्या दशकात अशा रुग्णांच्या तापमानाच्या नोंदी ठेवल्या. झटके चालू राहिले की ताप चढतो, आणि तो चढतच गेला तर लक्षण वाईट, हे त्याने दाखवून दिले.

अशा नोंदी डॉक्टर एकटा ठेवू शकत नाही. रुग्णाजवळ रात्रंदिवस शिकलेले माणूस हवे. याच बूर्नव्हिलने १८७८ साली पॅरिसच्या सरकारी रुग्णालयांत परिचारिकांसाठी शाळा सुरू केल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्या काळी हाती औषधे मोजकी होती. ११ मे १८५७ रोजी, म्हणजे मेरठचे शिपाई दिल्लीत पोचले त्याच दिवशी, लंडनच्या एका वैद्यकीय सभेत चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा गुण सांगितला. पण तोंडाने घ्यायचे ते औषध चालू झटका थांबवण्यास निरुपयोगी होते. १९१२ साली फिनोबार्बिटाल आले, ते आजही वापरात आहे. मधल्या काळात पॅराल्डिहाइड होते. त्याचा वास खोलीभर पसरे आणि ते प्लॅस्टिक विरघळवत असल्याने काचेची सिरिंज लागे. १९६५ साली मार्सेयच्या गास्तो आणि सहकाऱ्यांनी शिरेतून डायझेपाम देऊन चालू झटके थांबवल्याचे प्रसिद्ध केले आणि चित्र पालटले.

अर्ध्या तासापासून पाच मिनिटांपर्यंत

किती वेळ झाला म्हणजे झटका 'लांबला' म्हणायचे? १९६२च्या मार्सेय परिषदेने त्यासाठी मिनिटांचा आकडा दिलाच नव्हता. १९७३ साली ब्रिटनमधील मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांवर प्रयोग केले. सुमारे दीड तास किंवा अधिक झटके चाललेल्या प्राण्यांच्या मेंदूत पेशी मेलेल्या आढळल्या. स्नायू शिथिल करून, कृत्रिम श्वास देऊनही मेंदूची इजा पूर्णपणे टळली नाही. म्हणजे केवळ ताप आणि प्राणवायूची कमतरता एवढेच कारण नव्हते. मेंदूतल्या विजेचा अखंड कल्लोळही पेशींना मारतो. पुढे व्याख्येत अर्धा तास ही मर्यादा रूढ झाली.

मग ती खाली का आली? मेंदूत पेशींना उत्तेजित करणारी रसायने असतात, तशी आवर घालणारीही असतात. त्यांतले मुख्य म्हणजे गाबा. पेशीच्या आवरणावर गाबाला धरणारे ग्राहक असतात, आणि डायझेपामसारखी औषधे या ग्राहकांमार्फतच काम करतात. झटका लांबत गेला की हे ग्राहक पेशीच्या आत ओढले जातात. औषध तेच, मात्रा तीच, पण ते जिथे काम करणार ती जागाच कमी होते. उशीर केला की औषध दुबळे पडते ते असे. १९९९ साली लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी पाच मिनिटांची मर्यादा सुचवली. २०१५ साली जागतिक संघटनेने मोठ्या झटक्यांसाठी दोन खुणा ठरवल्या : पाच मिनिटांनी उपचार सुरू व्हावेत, आणि तीस मिनिटांनंतर कायमच्या इजेचा धोका धरावा.

वऱ्हाडातली पाच मिनिटे

आता हे घड्याळ आपल्या नकाशावर ठेवून पाहू. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये मेळघाटातले वळणांचे रस्ते. 'इर्विन' म्हणून ओळखले जाणारे अमरावतीचे जिल्हा रुग्णालय असो की अकोल्याचे 'सर्वोपचार', तिथल्या सिस्टरला काम ठाऊक असते : रुग्ण कुशीवर, सक्शनने घसा मोकळा, प्राणवायू, रक्तातील साखर, शिरेतून औषध आणि मग श्वासावर सतत नजर. पण रुग्ण तिथे पोचेपर्यंत पाच मिनिटे केव्हाच संपलेली असतात.

शिवाय उन्हाळा. लोराझेपाम हे चांगले औषध, पण त्याचे इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो आणि वीजही जाते. मिडाझोलामला फ्रिज लागत नाही. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णवाहिकेतच स्नायूत मिडाझोलाम दिलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांचे झटके रुग्णालयात पोचण्याआधी थांबले. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. शीर शोधण्यात जाणारा वेळ वाचला, हे त्याचे एक कारण. नाकात फवारायचे मिडाझोलाम आता डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीही ठेवता येते.

कापसाच्या या पट्ट्यात आणखी एक कारण होते : एंडोसल्फान. या कीटकनाशकाच्या विषबाधेत न थांबणारे झटके येतात. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. पण सर्वांत नेहमीचे कारण साधे आहे, चालू गोळ्या अचानक बंद करणे. आणि गोळ्या बंद होतात त्या पुष्कळदा लपवाछपवीमुळे. १९९९च्या दुरुस्तीपर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी अपस्माराची फेफरी वेडाच्या जोडीने विवाहाला बाधक मानली होती. कायदा बदलला, पण लग्न ठरताना मुलीच्या गोळ्या लपवणारी घरे आजही आहेत.

वर्गात काय करावे?

पहिली परिचारिका म्हणजे जो जवळ असेल तो. शाळेत ते आपणच. प्रथम घड्याळ पाहावे. आसपासची टणक वस्तू दूर करावी, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे बटण सोडावे. झटक्यांचा जोर ओसरताच कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जात नाही. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटे झाली, दुसरा झटका आला, किंवा मुलाला झटका येण्याची ही पहिलीच वेळ असेल, तर १०८ला फोन करावा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ थांबावे.

आमच्या शाळेतला तो मुलगा त्या दिवसानंतर शाळेत आला नाही. त्याला कुणी काढले नव्हते, पण कुणी बोलावलेही नाही. झटका तर काही मिनिटांत थांबला होता. शिक्षण मात्र कायमचे थांबले. पुढच्या वेळी वर्गात कुणी पडले, तर घड्याळ पाहणारे एक माणूस तिथे असावे. आणि तो मुलगा पुन्हा वर्गात येईल, हे पाहणारेही.