जेतेपदानंतरचा संघ

लोणावळ्याहून घाट उतरावा तर मुंबई, मावळ ओलांडावे तर पुणे. या दोन्ही शहरांत फुटबॉलचे मोठे व्यावसायिक संघ उभे राहिले आणि दोन्ही गेले. त्यांची हकीकत आम्हांस श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे.

मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ च्या मोसमात फेडरेशन करंडक आणि राष्ट्रीय लीग ही दोन्ही जेतेपदे मिळविली. करंडक थोड्या दिवसांत आटोपतो. लीगमध्ये महिनोन्महिने गुण जोडावे लागतात. दोन्ही साधणे सोपे नव्हे. महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्याही संघाने ही लीग जिंकली नाही. तरीही २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. त्याचे प्रशिक्षक, गोव्याचे डेरिक परेरा, पुढे पुणे एफसीकडे आले. २०१२-१३ मध्ये हा संघ आय-लीगमध्ये दुसरा आला. परंतु २०१५ नंतर तोही मैदानावर दिसला नाही.

आता इंग्लंडकडे पाहा. प्रेस्टन या गिरण्यांच्या गावच्या संघाने १८८८-८९ मध्ये २२ पैकी एकही सामना न हरता पहिलीच लीग जिंकली, शिवाय करंडकही. १९३८ नंतर त्यास मोठे जेतेपद नाही. पण संघ आजही खेळतो आहे, कारण हरणाऱ्या संघासाठीही गाव तिकीट काढते.

आमच्याकडे खेळाडू होते, पैसा होता, करंडकही आले. संघ आपला मानणारे गाव मात्र त्यामागे उभे राहिले नाही. तो दोष एकट्या कंपन्यांचा, असे आम्ही म्हणणार नाही.