दोन मिलिमीटरची खोली

छायाचित्रणाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात, मग भिंगाकडे वळतात आणि दिव्याला शेवटी दोन ओळी देतात. आज आपण दिव्यापासून सुरुवात करू. किडा, कोळी किंवा फुलपाखरू जवळून टिपायचं तर खरी अडचण खोलीची असते. डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात ती. ही खोली भिंग फुकट देत नाही, उजेड मोजून ती घ्यावी लागते.

हिशेब बघा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर किडा त्याच्या मूळ आकाराएवढा उमटवला, तर एफ ४ ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एफ १६ ला तो दोन मिलिमीटरच्या आसपास जातो. आमच्या जुन्या ७.६२ रायफलच्या मागच्या साइटला बारीक भोक असे. त्यातून पाहिलं की पुढची साइट आणि टार्गेट दोन्ही पुरेसे नीट दिसत. तत्त्व तेच. पण भोक एफ ४ वरून एफ १६ केलं की उजेड सोळापट घटतो, आणि इतकं जवळ जाण्यासाठी भिंग फिल्मपासून लांब सरकवावं लागतं म्हणून आणखी चौपट. भर उन्हात, कोडाक्रोम २५ फिल्मवर, एफ १६ ला एरवी सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. इथे सहावा भाग लागतो. तेवढ्यात वाऱ्याने पान हलतं आणि फुलपाखरू केव्हाच उडालेलं असतं.

म्हणून ही गोष्ट दिव्यांची आहे. १८८७ मध्ये जर्मनीत मिथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर काढली. आपल्याकडे वनखात्यातले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी असा भडका आणि वाटेवर ताणलेली तार वापरून वाघाला स्वतःचाच फोटो काढायला लावलं. त्यांचं पुस्तक १९२७ चं. वाघाला भडका चालला, पण बोटभर अंतरावरच्या कोळ्यापुढे आग आणि धूर काय कामाचा? पुढे बल्ब आले, तेही एकदा पेटले की फेकायचे. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडवला, तेव्हा चित्र पालटलं. तो पुन्हा पुन्हा वापरता येतो आणि त्याची लकाकी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटी असू शकते, त्यामुळे पान हललं तरी बिघडत नाही.

शिवाय अंतराचा नियम इथे आपल्या बाजूने असतो. दोन मीटरवरचा फ्लॅश २० सेंटिमीटरवर आणला की उजेड शंभरपट. छोटासा फ्लॅशही एफ १६ ला पुरून उरतो. त्याच नियमाने मागचं झाड मात्र काळोखात बुडतं आणि दुपारचा फोटो मध्यरात्रीचा वाटतो. काही परीक्षक अशा काळ्या पार्श्वभूमीला नाकं मुरडतात. मला ती दोन मिलिमीटरची रास्त किंमत वाटते.

गंमत म्हणजे यात निसर्गप्रेमींच्या आधी डॉक्टर मंडळी पुढे होती. दाढ आणि पुढचा दात एकाच फोटोत स्पष्ट हवा, ही दंतवैद्याची अडचण किड्याच्या फोटोसारखीच. भिंगाभोवती बसणारा रिंग फ्लॅश १९५२ मध्ये लेस्टर डाइन यांनी दातांसाठीच काढला. निकॉनच्या १९६२ च्या मेडिकल-निकॉर भिंगात तो आतच बसवलेला होता.

आता बेंगळुरूकडे येऊ. ओ. सी. एडवर्ड्स यांच्या हाताखाली तयार झालेले टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२–२०१७) याच शहराचे. रात्री वावरणाऱ्या पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे त्यांचे फ्लॅशमधले फोटो जगभर गाजले, लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने त्यांना फेलो केलं. कर्नाटकाचे अर्थमंत्री राहिलेले संडूरचे एम. वाय. घोरपडे हेही नावाजलेले वन्यजीव छायाचित्रकार. आपल्या मराठा घोरपड्यांच्या घराण्यातले. त्या काळात आयातीवर निर्बंध, कॅमेरा मिळणं मुश्किल, फिल्म महाग. फ्लॅशचं अंतर टेपने मोजायचं, गाइड नंबरला त्याने भागायचं, भिंग किती पुढे आलंय त्याची वजावट करायची आणि निकाल फिल्म धुऊन आल्यावर पाहायचा. तोफखान्यातला माणूस हे गणित ओळखेल, फक्त त्याला दुसरा गोळा टाकायची सोय असते. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ ने फिल्मवरून परतणारा उजेड मोजून फ्लॅश आपोआप तोडायला सुरुवात केली, तेव्हा ही आकडेमोड संपली.

एक हद्द मात्र राहिलीच. मूळ आकाराच्या फोटोत भिंगावरचा एफ १६ प्रत्यक्षात एफ ३२ सारखा वागतो. त्याहून भोक बारीक केलं तर विवर्तनामुळे सगळंच मऊ पडतं. मग उरते ती जागा निवडण्याची अक्कल: फुलपाखराने पंख मिटले की कॅमेरा पंखाला अगदी समांतर धरायचा, म्हणजे अख्खा पंख त्या दोन मिलिमीटरमध्ये मावतो.

हे नुसत्या शोभेसाठी नाही. ‘ब्लू’ कुळातल्या नखाएवढ्या फुलपाखरांची जात पंखाच्या खालच्या बाजूचे ठिपके आणि रेषा पाहून ठरते. पूर्वी त्यासाठी फुलपाखरू मारून टाचणीला लावत. आज बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये संशोधन करणारे आपले कृष्णमेघ कुंटे यांनी उभारलेल्या ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ प्रकल्पात देशभरचे हौशी लोक फोटो पाठवतात, आणि तारीख व ठिकाणासह तो फोटोच नोंद ठरतो. पंखाची कड धूसर असेल तर पुष्कळदा जात ठरवता येत नाही. कड स्पष्ट असेल तर नोंद होते, आणि फुलपाखरू तोवर दुसऱ्या फुलावर गेलेलं असतं.