‘स्कोप कशात आहे?’ या प्रश्नाचा इतिहास

मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या करिअर कक्षात विद्यार्थी-सल्लागार आहे. एफवायची मुलं बायोडेटा घेऊन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “ताई, स्कोप कशात आहे?” हा सल्ला देण्याची रीत कुठून आली, हे शोधताना मी बॉस्टनच्या नॉर्थ एंड वस्तीपर्यंत पोहोचले.

तिथे स्थलांतरित कामगारांसाठी ‘सिव्हिक सर्व्हिस हाउस’ होतं. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तिथेच ‘व्होकेशन ब्युरो’ उघडला. पार्सन्स आधी इंजिनिअर, मग वकील आणि प्राध्यापक होते. त्यांची पद्धत तीन पायऱ्यांची होती. आधी लांबलचक प्रश्नावली भरून स्वतःची आवड, कुवत आणि मर्यादा ओळखायची. मग कामाच्या अटी, पगार, संधी समजून घ्यायच्या. शेवटी दोन्हींची सांगड घालायची. निर्णय मात्र ज्याचा त्यानेच घ्यायचा. पार्सन्स त्याच वर्षी वारले. त्यांचं ‘चूझिंग अ व्होकेशन’ १९०९ मध्ये प्रसिद्ध झालं.

मुंबईत असा करिअरचा सल्ला देणारा बाटलीबॉय ब्युरो १९४१ मध्ये निघाला, पारसी पंचायतीचा १९४७ मध्ये, तर मुंबई सरकारचा १९५० मध्ये. तिन्हीकडे सल्ला देणारी माणसं मोठी, जाणती होती.

आमच्या कक्षात मात्र सल्ला देणारी आणि घेणारी, दोघी विद्यार्थिनीच. घरात कुणी पदवीधर नाही, मुलाखतीत इंग्रजी बोलायची भीती वाटते, हे मैत्रिणीच्या वयाच्या मुलीला सांगणं सोपं जातं. म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं, आणि प्रत्येक कॉलेजात ते असायलाच हवं.