कुलाब्याच्या नोंदी आणि उपग्रहाचा ब्रेक

लालबागहून कुलाब्याकडे निघालेल्या बसला ब्रेक लागला की उभे प्रवासी पुढे झुकतात. त्यांना कोणी ढकललेले नसते. बसचा वेग कमी होतो, त्यांचा तसाच राहतो. वरच्या वातावरणाची घनता मोजण्याचा धडा वर्गात येथूनच सुरू करावा, असे आम्हांला वाटते.

१५ जुलै २००० रोजी सोडलेल्या 'चॅम्प' या जर्मन उपग्रहाच्या त्वरणमापकात धातूचा एक ठोकळा अधांतरी ठेवला होता. सुमारे ४५० किलोमीटर उंचीवरची हवा अतिविरळ असते. तरी सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला ती अडवते. आतल्या ठोकळ्याला ती शिवत नाही, म्हणून तो पुढे सरकू पाहतो. त्याला विद्युत्-बलाने जागीच धरावे लागते. या बलातून सूर्यप्रकाशाच्या दाबासारखे परिणाम वजा केले की हवेचा अडथळा कळतो, आणि त्यावरून घनता.

२०१० पर्यंत चाललेल्या या मोजणीत एक गोष्ट स्पष्ट झाली. चुंबकीय वादळात ध्रुवप्रदेशांकडून शिरलेली ऊर्जा वरची हवा तापवते. हवा फुगते, खालची दाट हवा वर चढते आणि उपग्रहाच्या वाटेवरची घनता काही पटींनीही वाढू शकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले, अजून खालच्या कक्षेत असलेले 'स्टारलिंक'चे ४९ पैकी ३८ उपग्रह असेच गमावले गेले. ते वादळ तर मध्यमच होते!

मग फार मोठे वादळ आले तर? या प्रश्नाचा शोध घेताना आपण पुन्हा कुलाब्यालाच येतो. तेथील वेधशाळा १८२६ सालची. २ सप्टेंबर १८५९ रोजी तेथील निरीक्षकांनी पृथ्वीचे क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे डोळ्यांनी वाचून लिहून ठेवले. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लाखिना आणि शोभना अलेक्स यांच्यासह या नोंदी पुन्हा अभ्यासल्या, तेव्हा त्या वादळाची खरी तीव्रता जगापुढे आली.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मापने बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी घेऊन मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. मालिका तुटली नाही.

१८५९ साली एकही उपग्रह नव्हता. नोंद करणाऱ्यांना तिचा हा उपयोग ठाऊक असणे शक्यच नव्हते. शाळेच्या पर्जन्यमापकाची वही रोज भरायला लावताना विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे.